तरतूद आधी, खात्री नंतर

मी सीए. नुकसानीची शक्यता दिसली की खात्रीची वाट न बघता तरतूद करायची, हे आर्टिकलशिपपासून डोक्यात बसलेलं. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मात्र आठ महिने विसरले.

आम्ही बहारीनला, सनदमध्ये राहतो. लेक दोन वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडत नव्हता, हाक मारली तर वळायचा नाही. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणायच्या, "अगं, याचा बाबाही उशिराच बोलला." मलाही तेच ऐकायचं होतं. कुणीतरी सांगितलं, घरात मराठी बंद करा. तेही केलं.

शेवटी कान तपासले, स्पीच थेरपी लावली. थेरपिस्ट पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मराठीच बोला. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही." मग सगळ्या मुलांबरोबरच्या नर्सरीत घातला. एक दिवस तिथल्या मल्याळी मित्रापुढे हात करून म्हणाला, "बॉल दे." त्याने दिलाही!

तुमचं मूल १६ ते ३० महिन्यांचं असेल तर एम-चॅट भरून बघा. हो-नाहीचे वीस प्रश्न, फुकट. ती ऑटिझमची प्राथमिक चाचणी आहे, निदान नव्हे. पण शंका आली तर डॉक्टरांकडे जा, निदानासाठी थेरपी अडवून ठेवू नका. माझे ते आठ महिने कुठल्याच हिशेबात परत येत नाहीत.