रंगाला भुलू नका, लाकूड तपासा

मूल रांगायला लागले की घरात खेळणी येऊ लागतात. मामा आणतो, आत्या आणते, पहिल्या वाढदिवसाला शेजारीपाजारी आणतात. आपल्या गंगाखेडच्या आठवडी बाजारात तर फेरीवाल्याच्या चादरीवर लाल-पिवळे खुळखुळे, चाकांचे घोडे, भोवरे, छोट्या बैलगाड्या मांडलेल्याच असतात. मजुरीचे पैसे हातात असतात, कडेवरचे मूल हात पुढे करते, आणि आपण जे जास्त चमकते ते उचलतो.

आम्ही कारकुनी करतो. बी.कॉम. झाल्यापासून प्रत्येक वस्तू किमतीला उतरते की नाही हे पाहण्याची सवय जडली आहे. सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या बचत गटात बसतो, तेव्हा भगिनी हमखास विचारतात, "भाऊ, लेकराला लाकडाचं खेळणं चांगलं का प्लॅस्टिकचं?" आमचे उत्तर असे, की लाकूड चांगलेच, पण लाकडाचे आहे एवढ्यावर भागत नाही. मोठी मुले खेळणे हाताने खेळतात. वर्ष-सव्वा वर्षाचे मूल ते तोंडाने खेळते. चाटते, चावते, आपटते. म्हणून खेळणे तपासताना ते मुलाच्या तोंडात जाणार हे धरूनच तपासले पाहिजे.

आमच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी एक प्रसंग घडला. अकरा महिन्यांच्या मुलीच्या हातातल्या लाकडी खुळखुळ्याचा मणी निघाला आणि तिच्या घशात गेला. मुलगी रडेना, आवाज फुटेना, ओठ काळेनिळे पडले. शेजारच्या एका मावशीने तिला मांडीवर पालथे घातले, डोके खाली केले आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोराने थापट्या मारल्या. चौथ्या थापटीला मणी बाहेर पडला. मावशीने घशात बोट घातले नाही, हे फार बरे केले. बोटाने मणी आणखी आत जातो. तो मणी आम्ही हातात घेऊन पाहिला. बोराच्या बीएवढाच होता.

तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यात किती लहान तुकडा चालत नाही, याचे माप ठरलेले आहे. तपासणीसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात जो तुकडा पूर्ण मावतो, तो धोक्याचा. घरातल्या शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतील पट्टी घ्या आणि जुन्या पुठ्ठ्याची चार सेंटिमीटर रुंदीची नळी करा. माप थोडे मोठे ठेवलेले बरे. चाक, मणी, घोड्याचा कान, जे काही सुटू शकेल ते तिच्यात मावले तर ते खेळणे परत ठेवा.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. तो रंगात असतो. पिवळ्या, केशरी, लाल रंगाला चमक यावी म्हणून त्यात शिशाचे क्षार घालण्याची जुनी रीत आहे. शिसे मुलाच्या मेंदूवर घाला घालते. पुढे अभ्यासात लक्ष लागत नाही, बुद्धीची वाढ खुंटते. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा मुलाच्या अंगात चार-पाच पट जास्त शोषले जाते, आणि ज्याच्या अंगात लोह व कॅल्शियम कमी त्याच्यात आणखी जास्त. म्हणजे आपल्या कष्टकऱ्यांच्या अशक्त लेकरांनाच याचा फटका अधिक. श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. २००७ साली अमेरिकेत 'थॉमस' नावाच्या लाकडी आगगाडीची सुमारे १५ लाख खेळणी याच कारणाने परत मागवावी लागली. आपल्याकडे घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ साली निघाला व २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला.

खेळणे घेताना पांढरे फडके ओले करून त्यावर घासा. रंग फडक्याला लागला, किंवा नखाने खपली निघाली, तर घेऊ नका. थिनरचा उग्र वास येत असेल तरी घेऊ नका. मात्र रंग सुटला नाही म्हणजे शिसे नाही, असे होत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. म्हणून कारखान्यातील खेळण्यावर आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर घालून खरा-खोटा तपासता येतो. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना यातून सूट आहे, म्हणून हाताने केलेल्या खेळण्यावर चिन्ह नसेल तर ते वाईटच असे समजू नये. तेथे आपण स्वतः विचारावे, रंग कोणता लावला? कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेचा रंग दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. आपल्या सावंतवाडीची लाकडी फळे सुंदर असतात, पण ती शोभेची. ती फळीवर ठेवावीत, बाळाच्या हाती देऊ नयेत.

लाकडाची परीक्षा सोपी आहे. आपला भाग कापसाचा. कापसाचा बोळा खेळण्यावरून सगळीकडे फिरवा. जेथे तंतू अडकेल तेथे कुसळ आहे. चाके ओढून पाहा, खिळ्याचे टोक वर आले आहे का पाहा. ओल्या लाकडाचे खेळणे पुढे वाळून तडकते. भुसा दाबून केलेली फळी लाळेने फुगते. ओढायच्या गाडीची दोरी वितीपेक्षा लांब नसावी, ती गळ्याभोवती बसते.

आमचे मत विचाराल तर गावातल्या सुताराकडून एक चांगला पांगुळगाडा करून घ्यावा. वाळलेले लाकूड, रुंद बैठक, गोल केलेल्या कडा, पॉलिश पेपरने गुळगुळीत घासलेली मूठ. रंग नकोच. चटणीला आपण जवस वापरतोच, त्या खाण्याच्या जवसाचे तेल पातळ चोळून आठ-पंधरा दिवस वाळू द्यावे. तेलाचे फडके मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते; पसरून वाळवावे. असा गाडा एका घरात तीन लेकरे चालायला शिकली तरी टिकतो. दर बाजारी एक खेळणे घेऊन दर आठवड्याला मोडण्यापेक्षा हा हिशेब स्वस्त पडतो. मूल गाडा ढकलत असताना मोठे माणूस जवळ हवेच. उंबरा, ओट्याची कड आणि चूल यांपासून दूर.

आपल्या तालुक्यातील कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यावर जातात. आई फडात, लेकरू झाडाखाली. त्याच्या हाती काय आहे हे पाहायला तेथे कोणी नसते. त्या बिऱ्हाडात जे खेळणे बांधून द्याल, ते निघण्यापूर्वी तपासून द्या. आणि बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातील खेळणी पिशवीत घालून आणावीत. ओले फडके, कापूस आणि पुठ्ठ्याची नळी आम्ही आणतो.