डिपॉझिटची पावती

आजी गेली त्याला चौदा महिने झाले, तरी तिचा फाउलर बेड आमच्या सोप्यातच होता. त्यावर आता वाळलेले कपडे आणि लसणाच्या जुड्या पडायच्या. शेजारी घडी घातलेली व्हीलचेअर, कोपऱ्यात हवेची गादी. यातली एकही वस्तू आमची नव्हती. आजीचा खुबा मोडला तेव्हा बाबांनी जिथून मिळेल तिथून आणल्या होत्या. बेड दहिवडीहून, व्हीलचेअर कोरेगावहून, गादी साताऱ्याहून. तीन गावांतले तीन सेवाभावी क्लब, तीन पावत्या, प्रत्येकी हजार रुपये डिपॉझिट.

दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा आई म्हणाली, "आता तूच देऊन ये. त्यांच्याच्यानं व्हायचं नाही." मी मित्राचा छोटा हत्ती मागून घेतला.

खरं सांगायचं तर या क्लबांबद्दल मला फारसा आदर नव्हता. एका वहीला धरलेले सात हात, मागं फ्लेक्स, पुढं शाल-श्रीफळ, असे फोटो व्हॉट्सॲपवर बघून मी हसायचो. जुलै आला की नवा अध्यक्ष, नवा कोट, नवे फोटो. काम छोटं आणि फ्लेक्स मोठा, असं माझं ठाम मत होतं.

दहिवडीच्या क्लबचं ऑफिस म्हणजे सेक्रेटरींचं कृषी सेवा केंद्र निघालं. युरियाच्या पोत्यांमागं चार बेड उभे करून ठेवलेले. त्यांनी आमचा बेड उतरवून घेतला, हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर-खाली करून पाहिली, एक नट ढिला होता तो स्वतःच आवळला. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "थांब जरा, पेशंटचं सामान आलंय," म्हणाले. उशीर का झाला, हे त्यांनी विचारलंच नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पुसेगाव मागं टाकून वर्धनगडचा घाट उतरलो. कोरेगावात रोटरीचं सामान एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी, जिन्याखाली होतं. बाईंनी आधी चहा दिला. मग म्हणाल्या, "रोटरी हे नाव कसं पडलं माहितीय? 1905 मध्ये पॉल हॅरिसनं शिकागोत क्लब काढला. मीटिंग आज याच्या ऑफिसात, पुढच्या वेळी त्याच्या. फिरती, म्हणून रोटरी." व्हीलचेअरचं चाक हातानं फिरवत त्या पुढं म्हणाल्या, "सामानही फिरतं पाहिजे. थांबलं की आमचं काम थांबलं."

भिंतीवर फोटो नव्हते. पल्स पोलिओच्या रविवारी त्या वर्षानुवर्षं बूथवर बसल्या होत्या. 2011 च्या जानेवारीनंतर देशात वाइल्ड पोलिओचा नवा रुग्ण सापडला नाही, 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. "न झालेल्या आजाराचा फोटो कसा काढणार?" बाई हसल्या. मी कपातच बघत राहिलो.

साताऱ्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तिथल्या काकांनी गादीत हवा भरून पंप तपासला आणि सही करायला रजिस्टर पुढं सरकवलं. बाबांच्या नावासमोर लाल पेनानं लिहिलं होतं: 'फोन केला, उचलला नाही.' दोन तारखा. त्याच पानाच्या तळाशी हवेच्या गादीसाठी थांबलेल्यांची नावं होती. तीन. पहिल्या नावावर आडवी रेघ.

"यांना मिळाली का दुसरीकडून?" मी विचारलं.

काकांनी चष्मा काढला. "नाही. त्यांना आता गरज नाही."

त्यांनी हजार रुपये मोजून पुढं केले. ते हातात घेताना नोटा ओल्या असल्यासारखं वाटलं. मी ते पैसे परत टेबलावर ठेवले. काकांनी गुपचूप पावती पुस्तक काढलं, देणगीची पावती फाडली आणि दुसऱ्या नावाला फोन लावला. "गादी आली आहे. सकाळी या."

घरी पोचलो तर बाबा सोप्यात उभे. बेड होता तिथं फरशीवर चार गोल डाग उरलेले. आई जेवायला वाढत होती.

"साताऱ्याचे काही बोलले?" बाबांनी विचारलं.

"नाही."

ते बराच वेळ त्या डागांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "त्यांचा फोन आला होता मला. दोनदा."