पहिली तारीख

महिन्याच्या सगळ्या तारखांत मानाची तारीख एकच, पहिली. बाकीच्या तारखा मुकाट्यानें येतात आणि जातात. ही मात्र येण्याच्या आधीं आठ दिवस घरांत वावरूं लागते. नऊ वर्षें मीं तिची मनोभावें आराधना केली. पुण्याच्या एका मोठ्या कंपनींत मी चित्रकार होतों. 'चित्रकार' हा माझा शब्द. कंपनीच्या दप्तरीं माझ्या हुद्द्याचें नांव तीन इंग्रजी शब्दांचें होतें आणि त्यांत चित्राचा उल्लेख कोठेंच नव्हता. काम म्हणाल तर दुसऱ्याच्या मालाला देखणें रूप देण्याचें. आज साबणाचें वेष्टण, उद्यां विम्याची जाहिरात, परवां बिस्किटांचा पुडा. आणि पहिल्या तारखेला सकाळीं, तोंड धुण्याच्याही आधीं, फोनवर पगार जमा झाल्याचा निरोप येई. त्या दोन ओळींच्या दर्शनानें मागच्या तीस दिवसांचा शीण, आणि बहुतेक सारा पश्चात्तापही, धुऊन निघे.

ती नोकरी मीं तीन वर्षांपूर्वीं सोडली आणि हिंगोलीला घरीं येऊन बसलों. यांतला 'बसलों' हा शब्द माझा नव्हे, माझ्या वडिलांचा आहे. मी लोकांना सांगे, "आतां स्वतंत्रपणें चित्रें काढतों, मुलांच्या पुस्तकांसाठीं, मुखपृष्ठांसाठीं." वडील शेजाऱ्यांना सांगत, "घरींच बसलाय सध्यां." दोन्ही विधानें सारखींच खरीं होतीं, हें कबूल करायला मला बराच काळ लागला.

कोणी छळलें म्हणून मीं नोकरी सोडली असें नव्हे. निमित्त एका पानाचें झालें. तेलाच्या एका डब्यासाठीं मीं तें रंगविलें होतें. त्याचा हिरवा रंग एका साहेबांना उदास वाटला, दुसऱ्यांना उथळ. तिसऱ्यांच्या मतें तो 'विश्वास देत नव्हता'. सोळा वेळां मीं तो बदलला. सतराव्या खेपेस कंटाळून मीं पहिलाच रंग पुन्हां पुढें केला, आणि तो सर्वांना एकमतानें पसंत पडला! सगळे हंसले, मीही हंसलों. पण त्या संध्याकाळीं घरीं जातांना मला कांहीं केल्या आठवेना, कीं कोणी न सांगतां, केवळ मला वाटलें म्हणून, शेवटचें चित्र मीं केव्हां काढलें होतें. दुसऱ्या दिवशीं राजीनामा दिला. भविष्य-निर्वाह निधीची रक्कम, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणें नोकरीच्या दर वर्षामागें पंधरा दिवसांच्या पगाराइतकें उपदान, एवढ्या शिदोरीवर माणूस किती दिवस स्वतंत्र राहूं शकतो याचें गणित मीं गाडींत बसून तीनदां मांडलें. तिन्ही वेळां उत्तर निराळें आलें. मीं त्यांतलें सर्वांत मोठें धरलें.

वडील पाटबंधारे खात्यांत कारकून म्हणून लागले आणि त्याच खात्यांतून निवृत्त झाले. चौतीस वर्षांत कोरडी पहिली तारीख त्यांना ठाऊक नव्हती. ते रागावले नाहींत. जेवतां जेवतां एवढेंच म्हणाले, "नामदेवांचें कापड घ्यायला निदान दगड तरी होते. तुझीं चित्रें कोण घेणार?"

हा टोमणा पुरता समजायला आमच्या जिल्ह्याचें असावें लागतें. हिंगोलीपासून जवळच, कयाधू नदीच्या कांठीं, नरसी हें गांव आहे. संत नामदेवांचा जन्म १२७० सालीं तेथें झाला असें आम्ही मानतों. पंढरपूरची मंडळी तो मान आपल्याकडे घेतात आणि पंडितांत त्यावर वाद आहे. पण आमच्या गांवाचें नांवच नरसी नामदेव, तेव्हां आम्हांला वादांत पडण्याची गरज भासत नाहीं. नामदेव शिंप्याच्या कुळांतले. वडील दामाशेट कापडाचा नि शिवणाचा व्यवसाय करीत. मुलाचें सारें चित्त कीर्तनांत. महिपतींनीं 'भक्तविजयां'त जी गोष्ट सांगितली आहे ती अशी, कीं एकदां दामाशेटींनीं त्याला कापड विकायला बाजारांत धाडलें. कापड खपेना. परततांना वाटेंत त्याला उघडे दगड दिसले. त्यानें तें सगळें कापड त्यांच्यावर पांघरलें, पैशांचा वायदा ठरविला आणि एका दगडाला जामीन म्हणून घरीं आणलें. पुढें त्या दगडाचें सोनें झालें.

संतांच्या गोष्टीचा शेवट असा होतो. माझ्या धंद्यांत गोष्ट वायद्यापाशींच थांबते.

पहिल्याच वर्षीं एका प्रकाशकासाठीं मीं चोवीस चित्रें काढलीं. हळदीच्या शेतांत हरवलेल्या एका मुलीची ती गोष्ट होती. हळदीचीं पानें केवढीं रुंद! मीं तीं मला हव्या त्या हिरव्या रंगांत रंगविलीं आणि कोणीही हरकत घेतली नाहीं. इतका आनंद मला पुण्याच्या नऊ वर्षांत झाला नव्हता. पुस्तक निघालें, त्यावर माझें नांव छापून आलें. पैसे मात्र अकरा महिने आले नाहींत. फोन केला कीं प्रकाशक इतक्या प्रेमानें बोलत, कीं पैशांचा विषय काढणें मलाच असभ्य वाटे. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आहे. नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचें बिल फार तर ४५ दिवसांत चुकतें करावें, नाहीं तर वर व्याज द्यावें, असें त्यांत स्पष्ट लिहिलेलें आहे. पण ज्या माणसानें आपल्याला पहिलें काम दिलें त्याच्यावरच तक्रार गुदरण्याचें धैर्य कोणत्याही कायद्यांतून मिळत नाहीं. एका कचेरीला विटून मी निघालों होतों. आतां माझे सात धनी होते आणि त्यांतल्या एकाचीही पहिली तारीख ठरलेली नव्हती.

तरी घर चाललें होतें. दूधवाल्याचें बिल वेळेवर जात होतें, आईचीं रक्तदाबाचीं औषधें येत होतीं. हें सारें कसें चालतें याचा मीं विचार केला नाहीं. खरें म्हणजे करायचें टाळलें. माझी पत्नी येथल्याच एका सरकारी शाळेंत शिक्षिका आहे. नऊ वर्षें ती इकडे सासू-सासऱ्यांजवळ आणि मी तिकडे, असा आमचा संसार झाला. पहिल्या तारखेचा निरोप आतां तिच्या फोनवर येई आणि ती तो कोणाला न दाखवितां पुसून टाकी.

अशा वेळीं माणूस थोरांच्या चरित्रांचा आधार शोधतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं सरकारी शाळेंतली नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल निघालें. दादासाहेब फाळक्यांनीं पुराणवस्तु खात्यांतली नोकरी सोडली, पुढें छापखान्याची भागीदारीही सोडली, विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ सालीं ते विलायतेला गेले, आणि १९१३ सालीं त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. हीं चरित्रें वाचलीं कीं माझी छाती फुगे. फाळक्यांच्या चरित्रांत सरस्वतीबाई आहेत. त्यांचे दागिने गेले. चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनीं केला. वर फिल्मला भोंकें पाडणें, ती धुणें, हींही कामें केलीं. त्या पानांवरून मी भराभर पुढें जात असें, जसे आपण प्रस्तावनेंतल्या आभारांवरून जातों.

गेल्या दिवाळींत कपाटांत जुन्या पावत्या शोधतांना मला एक अर्ज सांपडला. एक वर्षाच्या बिनपगारी रजेचा. पत्नीच्या अक्षरांत पुरा भरलेला, खालीं सही केलेली, तारखेची जागा मात्र कोरी. ती नांदेडच्या विद्यापीठांत जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंध लिहीत आहे हें मला माहीत होतें. म्हणजे वह्यांचा एक गठ्ठा घरांत आहे, एवढें माहीत होतें. कळमनुरी, सेनगांव भागांतल्या म्हाताऱ्या बायकांकडे सुट्टीच्या दिवशीं जाऊन तिनें त्या ओव्या उतरून आणल्या होत्या. वर्ष-दीड वर्षांत प्रबंधाची मुदत संपायची होती. अर्जाच्या पाठीमागें पेन्सिलीनें हिशेब मांडलेला होता : दूध, किराणा, औषधें, वीज. जमेच्या बाजूला माझ्या नांवापुढें तिनें प्रथम एक आंकडा लिहिला होता, मग तो खोडला होता, आणि दुसरा कोणताच लिहिला नव्हता.

मीं तो कागद तिच्यापुढें धरला.

"अहो, तो जुना आहे," ती म्हणाली. "फेकायचा राहून गेला."

"मला कां नाहीं दाखविलास?"

'तुम्हीं राजीनामा देतांना मला विचारलें होतें कां?' असें ती म्हणाली असती तर फार बरें झालें असतें. मला भांडतां आलें असतें. ती म्हणाली, "तुम्ही तेव्हां नुकतेच आलां होतां. किती दिवसांनीं तुम्हांला मोकळेपणानें हंसतांना पाहिलें होतें."

त्या रविवारीं मी एकटाच नरसीला गेलों. शीख मंडळी तेथें नेहमीं येतात. गुरू ग्रंथसाहेबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत, त्यामुळें आमचें हें लहानसें गांव त्यांनाही आपलें वाटतें. मी नदीकडे तोंड करून बराच वेळ बसलों. नामदेवांच्या गाथेंत त्यांची आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नांवावरही अभंग आहेत. मुलानें धंदा सोडला, घराकडे पाठ फिरविली, म्हणून त्या सरळ विठोबाशींच भांडतात. लहानपणीं कीर्तनांत हा भाग आला कीं आम्ही मुलें खिदळत असूं, आणि कीर्तनकारही तो बहुधा हंसविण्यासाठींच घेत. त्या दिवशीं मला प्रथमच वाटलें, कीं त्या घरांत हिशेब ठेवणाऱ्या तेवढ्या त्या दोघीच होत्या. नामदेव थोर, त्यांच्या दगडाचें सोनें झालें. माझे दगड दगडच राहिले होते, आणि घरांत येणारें सोनें कोणाच्या गांठीचें होतें हें मला आतां कळलें होतें.

हिंगोली ही हळदीची मोठी बाजारपेठ. मोंढ्यांतल्या एका व्यापाऱ्यानें मला हळदीच्या पिशवीवर चित्र काढून देण्याविषयीं पूर्वीं दोनदां विचारलें होतें, आणि 'असलीं कामें सोडूनच तर मी इकडे आलों' असें मीं त्यांना थोड्या ताठ्यानेंच सांगितलें होतें. आतां मी होऊन त्यांच्या गादीवर गेलों. त्यांनीं मागचें कांहीं काढलें नाहीं, चहा मागविला. लक्ष्मी हवी, पिवळा रंग भरपूर हवा, आणि कोपऱ्यांत हळदीचें एक पान हवें, म्हणाले.

"हिरवा कसला पाहिजे?" मीं जुन्या संवयीनें विचारलें.

ते माझ्याकडे जरा चमत्कारिक पाहूं लागले. "पानाचा असतो तसा," ते म्हणाले.

त्यांच्या ओळखीनें आणखी तीन दुकानांचें काम मिळालें. महिन्याला ठराविक रक्कम. रोख, आणि तीही पहिल्या तारखेला, ही अट माझी. मुलांच्या पुस्तकाला आतां पहाटेचे दोन तासच उरतात. हें स्वातंत्र्य, कीं पुन्हां तीच नोकरी चार तुकडे करून घेतलेली, याचा निकाल मीं लावलेला नाहीं. एखाद्या दिवशीं पिशव्यांच्या लक्ष्म्या काढून काढून असा वीट येतो, कीं पुण्याचे साहेब रसिक वाटूं लागतात.

पत्नीनें नवा अर्ज लिहिला. जुनाच तारीख घालून द्यावा असें मी म्हणत होतों, पण मागच्या हिशेबाचा कागद शाळेंत कसा द्यायचा, हें तिचें म्हणणें बरोबर होतें. गेल्या महिन्यापासून तिची रजा सुरू झाली. पहिल्या तारखेला सकाळीं तिच्या फोनवर कोणताच निरोप आला नाहीं. ती माडीवर ओव्यांचीं पानें पसरून बसली होती. एक कुठली तरी ओवी मनाशीं पुटपुटत असल्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. वडील ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होते. मान वर न करतां त्यांनीं विचारलें,

"आज पहिली ना रे?"

"हो, बाबा," मीं म्हटलें, आणि गाडीची किल्ली घेऊन मोंढ्याकडे निघालों.