एकवीस रकान्यांची वही

"आई कशी आहे?" या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं, "बरी आहे." पण केमो चालू असलेल्या माणसाचं 'बरं' दर दोन दिवसांनी बदलतं. तिसऱ्या दिवशी त्याला फोडणीचा वास सहन होत नाही आणि अठराव्या दिवशी तोच माणूस शेंगदाण्याची चटणी मागतो. हे मला आईच्या वहीतून कळलं.

आई लातूरजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पोरांची वजनं, उंची, लसी, आहार, सगळं तिच्या रजिस्टरात असतं. आता मोबाईलवर पोषण ट्रॅकर आलंय, तरी ती आधी वहीत लिहिते आणि मग मोबाईलमध्ये भरते.

तिचं ऑपरेशन मुंबईत टाटा हॉस्पिटलला झालं. केमो लातुरात घ्यायच्या ठरल्या. परतताना आम्ही रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसमध्ये होतो. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी स्लीपरचा प्रवास फुकट असतो आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते; त्यासाठी हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. तो फॉर्म पिशवीत नीट घडी घालून ठेवत आई म्हणाली, "घरी दोनशे पानी वही असंल का गं एखादी?"

पहिल्या पानावर तिने नाव, वय, गाव लिहिलं. 'आजार' या शब्दापुढे लिहिलं: स्तनाचा कर्करोग, डावी बाजू. तोवर आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. मावशी 'गाठ' म्हणायची, आजी 'ते' म्हणायची, बाबा काहीच म्हणायचे नाहीत. एखाद्या पोराच्या नावापुढे 'कमी वजन' लिहावं, तसा आईने तो शब्द लिहून टाकला.

पुढच्या पानावर एकवीस रकाने होते, कारण पहिल्या चार केमोंमध्ये एकवीस दिवसांचं अंतर होतं. आडव्या ओळी ताप, उलटी, जेवण, तोंड आणि झोप यांच्या. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशाच असतात, पण केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या अस्तरात आणि हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथल्या पेशीही तशाच. म्हणून केस जातात, तोंड येतं आणि पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या साधारण दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात कमी असतात. आईने सात ते चौदा या रकान्यांभोवती लाल पेनाने चौकट आखली.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला माणसं जीप करून येतात. त्यांना दारातून परत पाठवणं सोपं नसतं. ते काम आजीने घेतलं. वहीतल्या पानाची झेरॉक्स तिने दाराला चिकटवली. तिला वाचता येत नाही, पण लाल चौकट दिसते. "माय, ही लाल खिडकी सरू द्या, मग या," असं सांगून ती बाहेर ओट्यावरच चहा द्यायची.

दुसऱ्या केमोच्या दहाव्या दिवशी रात्री आईला १०१ ताप आला. मामा म्हणाला, गोळी देऊ, सकाळी बघू. आईने वही उघडून डॉक्टरांनी सांगितलेल्या ओळीवर बोट ठेवलं: ताप १००.४ च्या वर गेला तर थांबायचं नाही. रात्री एकला आम्ही हॉस्पिटलात होतो. पांढऱ्या पेशी फारच कमी झाल्या होत्या. पाच दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू होती.

सगळे तिला सांगायचे, पॉझिटिव्ह राहा, लढा. ती हसायची. "मी कुठं लढायलेय? मी खुर्चीत बसून असते. लढतंय ते सलाईन."

माझी एक मैत्रीण मात्र वेगळं विचारायची. तिचा मेसेज यायचा, "आज कितवा दिवस?" तिला मी खरं उत्तर द्यायचे. "नववा. तोंड आलंय. ताक-भात गेला." एवढं लिहून मला हलकं वाटायचं.

चार केमो झाल्यावर औषध बदललं. आता बारा आठवडे, दर आठवड्याला एक. या औषधाने आईच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, मग बोटं बधिर झाली. ब्लाउजची बटणं लागेनात. पेन धरता येईना. तेव्हा वही बाबांकडे गेली.

बाबा मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहेत. तीस वर्षं खतावण्या लिहिल्यात. आईच्या आजारात त्यांनी बिलं सांभाळली, रिपोर्ट आणले, पण तिला कसं वाटतंय हे एकदाही विचारलं नव्हतं. आता रोज रात्री आठला ते चष्मा लावून बसायचे.

"ताप?"

"नाही."

"जेवण?"

"एक भाकरी. अर्धी उरली."

"मग अर्धी लिहितो."

एका रात्री आई म्हणाली, "अहो, खाली अजून एक ओळ काढा. भीती."

बाबांचा पेन थांबला. मी दारात उभी होते, तिथून हलले नाही. मग त्यांनी पट्टी लावून ओळ आखली आणि सोयाबीनचं वजन विचारावं तसं विचारलं, "किती?"

"आज जास्त."

त्यांनी 'जास्त' लिहिलं. आईने विचारलं, "आन् तुम्हाला?" ते बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी वही पाहिली तर त्या रकान्यात बाबांच्याच अक्षरात, एकाखाली एक, 'जास्त' हा शब्द दोनदा होता.

त्यानंतर ती ओळ रोज भरली गेली. कधी 'कमी', कधी 'नाही', एकदा 'पाऊस चांगला झाला, विसरलो'.

उपचार संपले. आईचे केस परत आलेत, थोडे कुरळे. बोटं अजून पूर्ण सुधारली नाहीत, पण अंगणवाडीत ती जाते. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. वहीत दिवसांच्या जागी महिने आलेत. तपासणीच्या आदल्या आठवड्यात शेवटच्या ओळीत पुन्हा 'जास्त' दिसायला लागतं. बाकी ओळी रिकाम्या सोडतात, ही नाही. अजूनही ती बाबाच लिहितात.