शेतात चालली, तरच दुरुस्त झाली

जुनी औतं आणि बैलगाड्या दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून मोडकी तिफण, खिळखिळं चाक, गंजलेला नांगर माझ्याकडे येतो. हल्ली पुष्कळांना या वस्तू बंगल्याच्या अंगणात मांडायच्या असतात. मी आधी विचारतो, "शेतात चालवणार का?" मांडून ठेवायची तर रंगाचा हात पुरतो. चालवायची असेल, तर वस्तू पुरती उघडून पाहावी लागते.

चाकच घ्या. मधे तुंबा, तुंब्यात आरे, आऱ्यांवर पाट्या आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. उन्हाळ्यात लाकूड आटतं, धाव सैल होते, आरे खडखडू लागतात. पाचरी ठोकून चाक उभं राहील, पण भरल्या गाडीखाली टिकणार नाही. धाव उतरवून, कापून, तिचा घेर लाकडापेक्षा किंचित लहान करावा लागतो. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची. 1.4 मीटर व्यासाच्या चाकाची धाव 500 अंश सेल्सिअसने तापली, की तिचा घेर सुमारे अडीच सेंटिमीटर वाढतो. तेवढ्यात ती सांडशीनं चाकावर ठेवायची, घणानं खाली सारायची आणि पाट्या पेट घेण्याआधी पाणी ओतायचं. वाफ उसळते, लोखंड आकसतं, आरे तुंब्यात करकचून बसतात.

तिफणीची परीक्षा याहून कडक. आपल्याकडे रब्बी ज्वारीच्या दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवतात. दिंडाला बसवलेल्या तीन फणांतलं अंतर बोटभर चुकलं, तर पुढे कोळपं ओळीत चालत नाही, उभं पीक कापत जातं. नळा आतून खडबडीत असला, तर चाड्यावर मूठ कितीही सराईत असो, बी अडकतं आणि एक ओळ मोकळी जाते. म्हणून माझ्याकडची तिफण आधी मोकळ्या रानात चालते, मगच मालकाकडे जाते.

ही औतं इतक्या सहज उघडतात, त्याला कारण आहे. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त बलुत्याची पद्धत तपशिलानं आली आहे. लाकूड-लोखंड कुणब्याचं, मेहनत सुतार-लोहाराची आणि मोबदला सुगीला धान्यात. औत वर्षभर चालतं ठेवण्याची जबाबदारी कारागिरावर असे. साहजिकच झिजणारा भाग वेगळा काढता येईल असंच तो घडवी. जातीला बांधलेली ती पद्धत परत यायला नको, पण घडवतानाच दुरुस्तीचा विचार करण्याची ती रीत मात्र मला हवी आहे.

लोखंडी नांगराची गोष्ट वेगळी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात तो तयार केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे तो गावोगाव गेला. अशा जुन्या नांगरांच्या बिडाच्या भागांना थेट वेल्डिंग मारू नका. बीड सांध्याच्या शेजारीच तडकतं. आधी सबंध भाग सावकाश तापवावा, जोडल्यावर राखेत निवू द्यावा. लाकडावर ऑईलपेंटचे थर चढवू नका. आत ओल कोंडते आणि लाकूड कुजतं. जवसाचं तेल पातळ हातानं चोळा.

खरं तर मोठ्या दुरुस्त्या निम्म्यानं कमी होतील, जर रोजची कामं चुकली नाहीत. संध्याकाळी फासेची माती खरवडणं, आखाला वंगण घालणं, पावसाळ्यात औतं छपराखाली विटांवर ठेवणं. खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू लावतो. त्याच दिवशी तेलही लावावं.

आणि बांधावरची एखादी वाळत चाललेली बाभूळ तोडायची असेल, तर ती जळणात घालू नका. ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवा आणि मग सावलीत वाळवा. असं मुरलेलं लाकूड किडत नाही, फाटत नाही. तुमच्या तिफणीचं पुढचं दिंड त्यातूनच निघेल.