त्रिकोणातलं ते 'अर्धं' येतं कुठून?

त्रिकोणाचं क्षेत्रफळ कसं काढायचं, हे दहावी झालेल्या कुणालाही विचारा. 'एक छेद दोन गुणिले पाया गुणिले उंची,' उत्तर तयार असतं. आता पुढचा प्रश्न विचारा. हे 'एक छेद दोन' आलं कुठून? बहुतेक जण गप्प होतात. चहाच्या टपरीवर हा प्रयोग मी मुद्दाम केलाय. पदवीधरसुद्धा म्हणतात, "सूत्रच तसं आहे ना!"

म्हणून गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत जे पाहिलं ते सांगावंसं वाटतंय. गेलो होतो गळक्या छताच्या बातमीसाठी. पण पाचवीच्या पोरांसमोर सर रद्दी पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले होते, मग तिथंच थांबलो.

आयताचं क्षेत्रफळ मुलांना येत होतं, लांबी गुणिले रुंदी. सरांनी प्रत्येकाला कागदाचा एक आयत दिला. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारून कापायला लावला. एका तुकड्यावर दुसरा फिरवून ठेवला तर तंतोतंत बसला. "सर, दोन्ही सारखेच हायेत!" म्हणजे एक त्रिकोण आयताच्या अर्धा. फळ्यावर अजून एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

मग एका पोरीने विचारलं, "सर, टोक मधी आलं तर?" सरांनी उत्तर दिलं नाही, दुसरा कागद दिला. तिने वरच्या कडेवर मध्ये कुठेतरी टोक घेतलं, तिथून खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रेघा मारल्या आणि कापलं. बाजूचे दोन तुकडे उरले. ते मधल्या त्रिकोणावर ठेवले तर तो पूर्ण झाकला गेला. पुन्हा अर्धंच!

खरी गंमत उंचीची. पोरं तिरकी बाजूच उंची म्हणून धरतात. सरांनी विचारलं, "शिडी भिंतीला तिरकी लावली. भिंत किती उंच, हे शिडी मोजून कळंल का?" गवंड्याचा पोरगा लगेच म्हणाला, "न्हाई सर, वरनं ओळंबा सोडावा लागंल." मला वाटतं, उंची म्हणजे काय ते यापेक्षा सोप्या भाषेत सांगता येणार नाही.

कुणी म्हणेल, यात एवढं काय? तर मंडळी, हिशेब करू. रस्त्याने तिरका कापलेला त्रिकोणी तुकडा आहे. पाया 66 फूट, टोकापासून पायापर्यंत सरळ अंतर 33 फूट. क्षेत्रफळ 1089 चौरस फूट, म्हणजे बरोबर 1 गुंठा. आता त्याच तुकड्याची एक तिरकी बाजू 55 फूट आहे. ती उंची म्हणून धरली तर येतात 1815 चौरस फूट. 726 चौरस फूट, म्हणजे गुंठ्याचे दोन तृतीयांश, नुसते कागदावर वाढले! आज गुंठ्याचा भाव काय चाललाय ते तुम्हाला माहीत आहे. घेणारा फसतो तो इथंच. भावाभावांच्या वाटणीत टेप घेऊन उभे राहतात तेव्हाही हेच होतं.

आपल्याकडची जुनी जमीन मोजणी तरी काय होती? शंकू आणि साखळी घेऊन वाकडंतिकडं शेत त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत फोडायचं, एकेकाचं क्षेत्र काढायचं आणि बेरीज करायची. भूमी अभिलेखात 'गुणाकार बुक' म्हणतात ते याच हिशेबाचं. आपला सातबारा या त्रिकोणांवर उभा आहे.

आता मुद्द्याचं. त्या सरांना हे शिकवायला जवळजवळ दोन तास लागले. सूत्र लिहून दिलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. त्या दोन तासांत सरांचा फोन तीनदा वाजला. अमुक माहिती आजच भरा, तमुक लिंक भरा, फोटो टाका. दुसरे शिक्षक बैठकीला गेलेले, म्हणून बाकीचे वर्गही यांच्याच गळ्यात. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 27 मध्ये स्पष्ट लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम द्यायचं नाही. कायदा कागदावर आहे, आणि ओळंब्याचा तास लिंक खाते.

पण सगळं सरकारवर ढकलून आपल्यालाही मोकळं होता येणार नाही. वही भरली का, धडा किती झाला, एवढंच आपण पोरांना विचारतो. कागद कापत बसलेला मास्तर आपल्याला टाइमपास करताना दिसतो. 'असर'चा अहवाल आला की वजाबाकी-भागाकाराच्या टक्केवारीच्या बातम्या होतात, दोन दिवस हळहळ होते आणि विषय संपतो.

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात. हे कायद्यानेच दिलेलं आहे. पुढच्या बैठकीत रंगरंगोटी आणि स्नेहसंमेलनाबरोबर एवढं विचारा, या महिन्यात सरांचे किती तास माहिती भरण्यात गेले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा.

आणि आज रात्री पेपर वाचून झाला की एक पान पोराला कापायला द्या. अर्धं कुठून येतं, ते त्याला सापडू द्या. तुमच्या गावात असं शिकवणारं कुणी असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. येऊन बघून जाईन.