ग्रहणाचा दिवा

मुलांनो, तुमच्या घरात रात्री सगळ्यात शेवटी दिवा कोण मालवतं? आणि तोवर त्या दिव्याचा उजेड कोणाच्या डोळ्यांवर पडत असतो? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही पटकन द्याल. दुसरा प्रश्न दहावीत असताना मला कधी पडलाच नव्हता. तो कसा पडला, ते आज सांगतो.

आमचं घर दिवेआगरला. रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, अगदी समुद्राकाठी. किनाऱ्यावर सुरूचं बन, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाडीतच घरं. माझे वडील, म्हणजे अण्णा, वाडी सांभाळायचे. पहाटे चारला उठून पंप लावायचा, पाटाचं पाणी एकेका पोफळीच्या आळ्यात फिरवायचं. सुपारी उतरवायची वेळ आली की तेच झाडावर चढायचे.

रात्री आम्ही सगळे माजघरात झोपायचो. मधोमध एक बल्ब लोंबकळत असे. त्याच्याखाली बसून मी बारा-बारा वाजेपर्यंत अभ्यास करायचो. अण्णा कूस बदलत, पंचा डोळ्यांवर ओढून घेत. पण "दिवा घालव" असं कधी म्हणाले नाहीत. एकदा आजी कुरकुरली, तर तिलाच म्हणाले, "राहू दे गं आई, पोर शिकतंय." ते ऐकून माझी छाती अशी फुगली म्हणता!

आणि एके सकाळी अण्णा पोफळीवरून घसरले. फार उंचावरून नाही, पण मनगट मोडलं. हात गळ्यात अडकवून घरी आले. आईने विचारलं, "अहो, रोजची तुमची झाडं! आजच कसे घसरलात?"

"डोळ्यांवर झापड होती," एवढंच ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पण माझ्या पोटात धस्स झालं. त्या रात्री मी पुस्तक उघडलंच नाही.

"का रे, अभ्यास नाही आज?" आईने विचारलं आणि मला एकदम रडूच फुटलं. ती काही बोलली नाही. पडवीतला कंदील आणून तिने काच पुसली. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा अर्धगोल वाकवला आणि काचेपासून चार बोटं दूर, अण्णांच्या बाजूला उभा केला. मग बल्ब घालवला. उजेड फक्त माझ्या वहीवर! पलीकडे गडद काळोख. त्या काळोखात थोड्याच वेळात अण्णा घोरायला लागले. ते घोरणं मला किती गोड वाटलं म्हणून सांगू! दहावीचा पुढचा सगळा अभ्यास मी त्या अर्ध्या उजेडात केला.

पुढे मी नोकरीसाठी मुंबईला गेलो. तिथे एका ओळखीच्यांच्या घरी एक टेबल लॅम्प पाहिला आणि मी जागच्या जागी थबकलो. वीतभर उंचीचा, चेंडूसारखा गोल. बाहेरची गोल टोपी जागची हलत नाही. तिच्या आत दुसरी टोपी, ती बोटाने फिरते. फिरवली की आतली टोपी बल्बच्या आड येते. आधी पूर्ण उजेड, मग अर्धा, मग चतुर्थीच्या चंद्राएवढी कोर. दिव्याचं नाव एक्लिस्से. इटालियन भाषेत त्याचा अर्थ ग्रहण!

यातली गंमत लक्षात आली का? बल्ब तेवढाच जळत असतो, वीजही तेवढीच खातो. फक्त मध्ये काहीतरी आड येतं. सूर्यग्रहणात तरी दुसरं काय होतं? सूर्य मंद होत नाही, चंद्र आड येतो.

हा दिवा 1965 च्या सुमारास मिलानच्या विको माजिस्त्रेत्ती यांनी आखला आणि आर्तेमिदे या कंपनीने बनवला. 1967 साली त्याला इटलीतलं मोठं पारितोषिक मिळालं. पारितोषिकाचं नाव 'कोंपासो द'ओरो', म्हणजे सोन्याचं कर्कटक! तुमच्या कंपासपेटीत असतं ना, तेच. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही हा दिवा आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' या कादंबरीत ज्याँ वालज्याँ नावाचा माणूस आहे. त्याच्या हातातल्या, उजेड झाकता येणाऱ्या कंदिलावरून ही कल्पना सुचली, असं माजिस्त्रेत्ती सांगत. म्हणजे त्यांनाही कंदीलच आठवला! मला मात्र ती टोपी फिरवताना आईचा पुठ्ठा आठवत होता.

3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. टाळेबंदीमुळे मी तेव्हा घरीच होतो. वाडीत उभ्यापेक्षा आडव्या पोफळी जास्त. विजेचे खांब वाकलेले, गावभर अंधार. अण्णा दिवसभर पडलेली झाडं मोजत फिरले. रात्री न जेवताच आडवे झाले, पण त्यांचा डोळा लागेना.

माळ्यावरचा कंदील खाली काढला. माझी पुतणी त्याच्यापाशी गोष्टीचं पुस्तक घेऊन बसली. थोड्या वेळाने पाहतो तो काय, तिने आपल्या चित्रकलेच्या वहीचं जाड पुठ्ठ्याचं वेष्टण कंदिलाच्या एका बाजूला उभं केलं होतं. तिला तो जुना किस्सा कोणी सांगितला नव्हता, बरं का!

"हे कशाला गं?" मी विचारलं.

"श्शू! काका, हळू बोला ना. आजोबा आत्ताच झोपलेत."

मी कान दिला. अण्णा घोरत होते.

मुलांनो, असा दिवा तुम्हालाही करता येईल. बल्ब एलईडीचा घ्या, पुठ्ठा बल्बला टेकू देऊ नका आणि मोठं माणूस जवळ असू द्या. पण त्याआधी एक करा. आज रात्री वाचायला बसाल तेव्हा एकदा खोलीभर नजर फिरवा. पहाटे सगळ्यांच्या आधी कोणाला उठायचंय, ते बघा. पुठ्ठा कुठे उभा करायचा, ते तुमचं तुम्हालाच कळेल.